मदत हवी आहे: झाडछाटणीच्या कामात नव्या पोरांना कसं शिकवता?

नमस्कार मंडळी, आमची झाडछाटणीची छोटी टीम आहे, ठाण्यात घोडबंदर रोड साइडला सोसायट्यांची कामं करतो, पावसाळ्याआधी तर नुसती धावपळ. यंदा दोन नवी पोरं आलीत, अंगात ताकद आहे, शिकायची हौस पण आहे. पण आमचे जुने दोघे काका त्यांना काही सांगतच नाहीत, दिवसभर फांद्या ओढायला लावतात आणि चुकलं की सगळ्या सोसायटीसमोर शिव्या, वर म्हणतात आम्हीपण असंच शिकलो.

मला हे अजिबात पटत नाही, घाबरलेलं पोर प्रश्न विचारत नाही आणि आपल्या कामात न विचारणं म्हणजे जिवाशी खेळ. जाड फांदी आधी खालून थोडी चिरायची, मग त्याच्या जरा पुढे वरून कापायची आणि उरलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर भागाच्या बाहेरून काढायचा, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते, हे सांगायला दोन मिनिटं लागतात हो! गुलमोहराची फांदी भरवशाची नसते, वायरीजवळ लाइट बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तर पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

काकांचा हात खरंच जबरदस्त आहे, त्यांना दुखवायचं नाहीये. तुमच्याकडे नव्या पोराला वर कधी चढवता, मशीन कधी हातात देता? आणि जुन्या माणसांना शिकवायला कसं तयार केलंत? ज्यांनी पोरं घडवलीत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.