क्लस्टर डोकेदुखी : तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा

काल सोलापुरात सात रस्ता चौकात मेडिकलपुढं एक जण डोळा दाबून उभा होता, त्याच डोळ्यातून घळाघळा पाणी. आमच्या दादाचे दिवस आठवले. झोपल्यावर दीड-दोन तासांत ताडकन उठायचा. अर्धशिशीवाला अंधारात गप पडून राहतो, हा गच्चीवर येरझाऱ्या घालायचा, कठड्यावर डोकं आपटायचा. सायनसची औषधं झाली, चांगली दाढही उपटून झाली. शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी विचारलं, रोज त्याच वेळेला? त्याच बाजूची पापणी उतरते, नाक गळतं? तिथं क्लस्टरचं निदान झालं, म्हणजे काही आठवडे रोज एकाच डोळ्यामागं उठणारी भयंकर कळ. एमआरआय स्वच्छ होता. साधी गोळी लागू पडेपर्यंत कळ ओसरून जाते, म्हणून ऑक्सिजन लिहून दिला. तुमच्याकडं काय करता?

लूमवाला : मला रात्रपाळीत यायची. मुकादम म्हणायचा नाटक करालाय. आता सुमाट्रिप्टनचं इंजेक्शन, 6 मिलिग्रॅम, मांडीत. पंधरा मिनिटांत उतार. हार्टचा त्रास असेल तर ते चालत नाही, आधी सांगा डॉक्टरला.

होटगी रोड : ऑक्सिजन कोविडातल्या मशीनवर चालेल का ओ? घरात पडून आहे.

दादाची बहीण : ती मशीन बहुतेक 5 लिटरची असते, भागत नाही. सिलिंडर लागतो, पिशवीवाला मास्क, मिनिटाला 12 ते 15 लिटर, 15-20 मिनिटं. त्या खोलीत बिडी, उदबत्ती, दिवा काही नको.

मंगळवार पेठ : माझ्या आईला आहे. पुरुषांचा आजार, पुरुषांचा आजार म्हणत तिचं निदान लांबलं, याचा फार राग येतो. बायकांनाही होतो. व्हेरापामिल, म्हणजे कळ येऊच नये म्हणून रोजची गोळी, चालू आहे, मधे मधे ईसीजी काढतात.

लूमवाला : ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. एकट्या सोडू नका रात्रीच्या. त्या वेळी नको ते विचार येतात माणसाला.

पुण्यात सध्या : सीझन, म्हणजे रोज कळ येण्याचे ते आठवडे, चालू असताना दारूचा एक घोटही नको, तासाभरात कळ. एरवी काही होत नाही.

होटगी रोड : पुण्यात कुठं? शुक्रवारी येतोय, शेंगा चटणी आणू का?

पुण्यात सध्या : दोन किलो आण! कडक भाकरी पण.

मंगळवार पेठ : जुळे सोलापुरात रात्री सिलिंडर भरून देणारं कोणी माहीत आहे का? आईचा संपत आलाय.

दादाची बहीण : आहेत एक, मेसेज करते. नुसता सिलिंडर नको, रेग्युलेटर 15 लिटरपर्यंतचा आहे ना ते बघून घ्या.