ॲथेलरेडला काय म्हणावं: सुभेदार, मांडलिक की आणखी काही?

विचारणा

नवव्या शतकातल्या इंग्लंडवर लेख लिहितोय. त्यात मर्सियाचा, म्हणजे साधारण आजच्या मिडलंड्सचा, ॲथेलरेड येतो. इ.स. ८८३ पर्यंत त्याने दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाचं वर्चस्व मान्य केलेलं दिसतं. ८८६ मध्ये आल्फ्रेडने लंडन घेतलं आणि याच्याच हवाली केलं. आपली थोरली लेक ॲथेलफ्लॅडही त्यालाच दिली. ९११ मध्ये तो वारला. इंग्रजी पुस्तकांत त्याच्यामागे 'एआल्डरमन' (परगण्याचा अधिकारी) लावतात. मी आधी 'सुभेदार' लिहिलं, मग खोडून 'मांडलिक' केलं. दोन्ही खटकतंय. काय लिहावं?

प्रतिसाद

सुभेदार नकोच. सुभा वरून मिळतो आणि वरून जातो. ॲथेलरेडला मर्सिया कुणी बहाल केला नव्हता. वायकिंगांनी ८७४ मध्ये बर्ग्रेड राजाला हाकललं, त्याच्या जागी आलेला केओलवुल्फ ८७९ च्या सुमारास नोंदींतून नाहीसा होतो, आणि त्या पोकळीत हा उभा राहतो. पूर्वेकडचा मुलूख डेनांनी, म्हणजे याच वायकिंगांनी, आधीच गिळला होता. उरलेल्या पश्चिम भागावर याचा अंमल. मांडलिक ठीक आहे.

प्रतिसाद

सुभेदाराबद्दल इतकं सरळ नाही हो. होळकर पिढ्यान्‌पिढ्या 'सुभेदार'च म्हणवत होते, म्हणून कुणी त्यांना बदलीवरचे नोकर समजत नाही. पदनाम एक आणि वजन दुसरं, हे आपल्याला नवं नाही.

'मांडलिक'ची अडचण वेगळी. मांडलिकाची गादी त्याची स्वतःची असते, तो फक्त खंडणी भरतो. ॲथेलरेडच्या नावाचं एक नाणं मिळालेलं नाही. मर्सियात पडलेल्या नाण्यांवरही नाव आल्फ्रेडचं! ज्याचं नाणं नाही त्याला राजा म्हणायला आपलाही इतिहासकार बिचकेल.

प्रतिसाद

तुम्ही सगळे एक शब्द शोधताय, पण जुन्या लेखनातच त्याला एकच नाव नाही. कोण लिहितंय ते बघा.

वेसेक्सच्या बाजूने लिहिलेल्या अँग्लो-सॅक्सन बखरीत तो 'एआल्डरमन', म्हणजे कुठल्याही परगण्याच्या अधिकाऱ्याच्या पंगतीला. ८९३ मध्ये सेव्हर्नकाठी बटिंग्टनला डेनांना वेढा घातला, तेव्हा याच्या जोडीला सॉमरसेट आणि विल्टशरचे एआल्डरमन होते. आत अडकलेल्यांनी शेवटी घोडे खाल्ले. बखर तिघांना एकाच मापाने मोजते.

आता वूस्टरची सनद घ्या. बिशप वेअरफर्थच्या विनंतीवरून ॲथेलरेड आणि ॲथेलफ्लॅड शहराला तटबंदी करतात आणि बाजार व रस्त्यांच्या उत्पन्नातल्या आपल्या हक्काचा निम्मा वाटा चर्चला देतात. देणारे हे दोघे, साक्षीला मात्र आल्फ्रेड. माझ्या मते त्याची खरी जागा या एका कागदात आहे. आपले शिलाहार महामंडलेश्वर आपल्या ताम्रपटात वरच्या सम्राटाचं नाव घेऊन दान देत, ती रीत आठवा. म्हणून मी 'महासामंत'कडे झुकतो.

आणि गंमत म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये इतिहास लिहिणारा ॲथेलवेअर्ड त्याला चक्क 'राजा' म्हणतो. हा ॲथेलवेअर्ड स्वतः एआल्डरमन होता. पदाचा अर्थ त्याला आपल्यापेक्षा बरा कळत असणार.

प्रतिसाद

'महासामंत' पुस्तकी वाटतो. व्युत्पत्तीने जायचं तर 'एआल्ड' म्हणजे वृद्ध, ज्येष्ठ. एआल्डरमन म्हणजे वडीलधारा. वतनातली वडीलकी आठवते, पण मराठी लेखात 'वडीलधारा ॲथेलरेड' लिहिलंत तर वाचक त्याला कुणाचा तरी काका समजेल. याच शब्दाचा आजचा अवतार 'आल्डरमन'. दिल्ली महापालिकेतल्या नामनियुक्त सदस्यांच्या बातम्यांत वाचला असेल. तोही टाळा.

त्याचा दुसरा किताब 'मर्सियनांचा ह्लाफोर्ड'. लॉर्ड शब्द याच्यातूनच झिजून आला. मूळ अर्थ भाकरीचा राखणदार. आपल्याकडे धनी म्हणजे ज्याचं मीठ खातो तो. 'मर्सियाचा धनी' लिहा, पहिल्यांदा मूळ शब्द द्या, पुढे खुशाल 'धनी' चालवा.

विचारणा करणारा

'धनी' आवडलं. मग ॲथेलफ्लॅड? नवरा गेल्यावर ९१८ पर्यंत तिनेच कारभार केला. 'राणी' लिहू?

प्रतिसाद

नको. आल्फ्रेडचा समकालीन चरित्रकार ॲसर सांगतो की वेसेक्समध्ये राजाच्या बायकोलाही राणी म्हणू देत नसत, आणि ही वेसेक्सचीच लेक. मर्सियन नोंदींत ती 'ह्लाफ्दिगे' आहे, लेडीचं जुनं रूप. 'धनीण' मराठीत नवऱ्याच्या आधारानेच उभी राहते, म्हणून 'स्वामिनी' बरं.

ती गेल्यावर त्यांची मुलगी एल्फविन हिचा सगळा अधिकार काही महिन्यांत काढून घेतला आणि तिला वेसेक्सला नेलं. ही नोंद लेखात जरूर घ्या. तिथे मर्सियन लेखनिक तिची ओळख 'मर्सियनांचा धनी ॲथेलरेड याची मुलगी' अशी देतो. बाप जाऊन सात वर्षं झाली होती.