विहिरीच्या खडकात सापडलेले चकाकणारे खडे हिरे असू शकतात का?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. या उन्हाळ्यात आमच्या शेतात विहिरीचे खोदकाम चालू असताना साधारण ४० फुटांवर काळ्या खडकात एक पोकळी लागली आणि तिच्या आतल्या अंगाला डाळिंबाच्या दाण्यांसारखे दाटीने बसलेले पारदर्शक, टोकदार खडे आढळले. त्यांनी काचेवर स्पष्ट ओरखडा उठतो, म्हणून हे हिरेच असावेत असे गावात बोलले जात आहे आणि एक व्यापारी ते मागायलाही येऊन गेला. कोळसा व हिरा ही दोन्ही कार्बनचीच रूपे आहेत असे आम्ही शाळेत शिकलो. आमच्याच जिल्ह्यात वणीला कोळसा निघतो, तर मग इकडे हिरा का होऊ नये, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर (चंद्रपूर, भूशास्त्राचा निवृत्त अध्यापक)

भाऊ, काचेच्या परीक्षेवर विसंबू नका, कारण साध्या गारगोटीनेही काचेवर ओरखडा उठतो. कठिणतेच्या मापात गारगोटी ७ वर आणि हिरा १० वर आहे.

कोळशापासून हिरा होतो हा समज फार रुजलेला आहे, पण तो चुकीचा आहे. वणीचा कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा आहे, तर बहुतेक हिरे शंभर ते साडेतीनशे कोटी वर्षांचे, म्हणजे जमिनीवर झाडे उगवण्याच्याही कितीतरी आधीचे आहेत. ते सुमारे १५० ते २०० किलोमीटर खोलीवर, ९०० ते १३०० अंश सेल्सिअस तापमानात आणि हवेच्या दाबाच्या जवळपास पन्नास हजार पट दाबाखाली तयार होतात, आणि असा दाब असूनही तापमान बेताचे राहते ते प्राचीन, जाड भूखंडांच्या तळाशीच. तिथून किम्बरलाइट किंवा तत्सम शिलारस अतिशय वेगाने वर उसळतो आणि वाटेतले हिरे सोबत आणतो. हा प्रवास रेंगाळला तर हिरा टिकत नाही, त्याचे ग्राफाइट होते किंवा तो शिलारसातच नाहीसा होतो. मध्य प्रदेशात पन्नाजवळची मझगवाँ, आंध्रातील वज्रकरूर आणि छत्तीसगडमधील मैनपूर ही अशा खडकांची ठिकाणे आहेत.

तुमचा काळा खडक मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत स्फटिक साचवले. सोनाराच्या काट्यावर खडा आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळता ठेवून तोला. हवेतल्या वजनाला, पाण्यात वजन जेवढे घटले तेवढ्याने भागल्यावर हिऱ्याचे उत्तर ३.५२ आणि गारगोटीचे २.६५ येते.

उत्तर (आरमोरी तालुका, जि. गडचिरोली)

सरांचे म्हणणे योग्यच आहे, पण त्यावरून विदर्भात हिरा नव्हताच असे कोणी समजू नये. आमच्या वैरागडला पूर्वी हिऱ्यांची खाण होती आणि अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही तिचा उल्लेख आहे. आमच्याकडचा खडक दारव्ह्यासारखा लाव्हाचा नाही, तो फार जुन्या भूखंडाचा आहे, आणि गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कृष्णाकाठच्या कोल्लूरप्रमाणे पुष्कळ ठिकाणी हिरे मूळ खडकात नव्हे, तर तो झिजल्यावर वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या थरांत मिळत आले आहेत. या भागातल्या जुन्या खाणींचा इतिहास शाळेत शिकवला जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्नकर्ता

आज खडा तोलून आणला. हवेत ३१.८ ग्रॅम आणि पाण्यात १९.८ ग्रॅम भरला, म्हणजे उत्तर २.६५ आले. खड्याला सहा बाजू असून वर टोक आहे. त्याच पोकळीत पांढऱ्या, पंख्यासारख्या पसरलेल्या काही नाजूक पापुद्र्याही आहेत, त्या कशाच्या असाव्यात?

उत्तर (चंद्रपूर)

सहा बाजू आणि हे वजन पाहता ती स्वच्छ गारगोटीच आहे. हिऱ्याचा अनघड खडा बहुधा दोन चौकोनी मनोरे तळाशी जोडल्यासारखा अष्टफलक असतो. पांढऱ्या पापुद्र्या झिओलाइट गटातील खनिजाच्या असाव्यात. त्या नखानेही तुटतात आणि अखंड नमुन्यांना संग्राहकांकडे मागणी असते, म्हणून पोकळीचा तो तुकडा घणाने न फोडता भोवतालच्या खडकासकट छिन्नीने सोडवून घ्या.