फील्ड वाढवल्यावर ट्रिगरमध्ये कचरा का येतो

ऑर्डर फाइलला एक फील्ड जोडल्यापासून ट्रिगरमध्ये (रेकॉर्ड बदलला की आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जुनी व्हॅल्यू बरोबर येते, नवी मात्र भलतीच, असा एकाचा प्रश्न आहे. आयबीएमच्या एएस/४०० या संगणकावरचं हे नेहमीचं दुखणं आहे. आरपीजी या तिथल्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये नव्या रेकॉर्डची जागा आकडा घालून पक्की केलेली असणार. ट्रिगरला मिळणाऱ्या बफरमध्ये (माहितीच्या सलग तुकड्यात) जुना रेकॉर्ड आधी, मग त्याचा नल मॅप (कोणती फील्ड नल, म्हणजे रिकामी, आहेत त्याची नोंद), मग नवा रेकॉर्ड. फील्ड वाढलं की नवा पुढे सरकतो.

जागा बफरलाच विचारा. ४९ ते ५२ बाइटमध्ये जुन्या रेकॉर्डचा ऑफसेट (बफरच्या सुरुवातीपासूनचं अंतर), ६५ ते ६८ मध्ये नव्याचा. ऑफसेट शून्यापासून मोजलेला असतो, म्हणून बफरच्या पत्त्यात तो थेट मिळवून पॉइंटर लावा. सबस्ट्रिंग वापरत असाल तर एक वाढवा. डेटा स्ट्रक्चर एक्स्टर्नल (फील्डची रचना फाइलमधूनच घेणारं) ठेवा, म्हणजे फाइल बदलल्यावर नुसतं पुन्हा कंपाइल करून भागतं.

कंपाइल करूनही फरक दिसला नाही, तर बहुधा एलआर (प्रोग्रॅम पूर्ण संपल्याची खूण) ऑफ ठेवून रिटर्न केलेलं असतं. वेगासाठी ते योग्यच, पण चालू जॉब जुनीच प्रत धरून बसतात. ते जॉब बंद करून पुन्हा सुरू करावे लागतात. अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप (जॉबमधला, प्रोग्रॅम ज्यात चालतो तो कप्पा) कॉलरचाच, म्हणजे बोलावणाऱ्या प्रोग्रॅमचाच द्या, नाहीतर रोलबॅक झाला (बदल रद्द केले) तरी ट्रिगरने लिहिलेल्या ओळी मागे राहतात.

आणि ट्रिगर लावताना फाइल कुणी उघडलेली असेल तर कमांड अडते. आधी डब्ल्यूआरकेओबीजेएलसीके या कमांडने फाइल कुणी धरलीय ते बघा.