कोयनेच्या पल्याड वीज: पाण्याखालून केबल की सोलर?

बामणोलीकर:
माझं आजोळ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पल्याड, कांदाटी खोऱ्यात. पाऊस लागला की रानातल्या तारांवर झाड पडतं आणि गाव अंधारात जातं. गेल्या आषाढात सलग सहा दिवस वीज नव्हती. मामा लाँचनं अल्याड यायचा तो एका पिशवीत नऊ मोबाईल घेऊन, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवलेली. चार्ज करून संध्याकाळच्या लाँचनं परत. आजोबांची भातखाचरं ज्या पाण्यात गेली, त्याच पाण्यावर सुमारे १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प चालतो.

मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून शेतबंदर, राजबंदर, मोरबंदर या तिन्ही गावांना वीज दिली. खर्च सुमारे २५ कोटी. त्याआधी तिथं संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालायचा. समुद्रात जमलं ते आपल्या जलाशयात का जमू नये?

तारवाला, कराड:
दादा, तीस वर्षं केबल जॉइंटिंग केलंय, म्हणून स्पष्ट सांगतो. केबल कापून बघितलीत तर आत तीन गाभे, प्रत्येकावर इन्सुलेशन, आणि सगळ्यावर लोखंडी तारांचा पीळदार वेढा. समुद्रात ती तळाच्या चिखलात पुरता येते. तिथं भरती-ओहोटी काही मीटरचीच असते. शिवसागर दिवाळीत काठोकाठ आणि मे अखेरीस कितीतरी खाली. उतारावरची केबल उन्हात उघडी पडणार, तळाशी बुडालेल्या घरांच्या जोत्यांवर घासणार, लाँचचा नांगर अडकला की संपलंच. वरची तार सहा दिवसांत जोडतात. पाण्यातला दोष जुलैत सापडला तरी पाऊस ओसरेपर्यंत केबल उचलणार कोण? त्यापेक्षा सोलर आणि बॅटरी बसवा. लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर २०२४ मध्ये तेच केलं.

बामणोलीकर:
काका, कवरत्तीला ऊन आहे. आमच्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दिसत नाही. ज्या दिवसांत तार तुटते, त्याच दिवसांत पॅनेल मुकं होणार.

जावळीची लेक:
मग पावसाळ्यात ओढे काय करतात? स्कॉटलंडच्या एग बेटावर जेमतेम शंभर माणसं. त्यांनी केबलची वाट न बघता २००८ मध्ये पाणी, वारा आणि ऊन तिन्ही एकत्र करून स्वतःची वीज उभी केली. पावसात ओढ्यावरची टर्बाइन, उन्हाळ्यात सोलर. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉटची मर्यादा, आणि गावच सांभाळतं. आपले ओढे मार्गशीर्षापर्यंत वाहतात.

बामणोलीकर:
ताई, मर्यादा हा शब्दच मला टोचतो. पुण्यातल्या फ्लॅटला मर्यादा नाही. जमीन आमची गेली, मग मोजून वीज आम्हीच का वापरायची? पिठाची गिरणी, वेल्डिंग, दवाखान्यातला लशीचा फ्रिज, हे सगळं एका ओढ्यावर चालेल?

जावळीची लेक:
गिरणी चालते, वेळ ठरवून. आणि टर्बाइन बिघडली तर गावातलं पोरगं ती दुरुस्त करतं, कुणाच्या लाँचची वाट बघावी लागत नाही. मला हे हक्काइतकंच मोठं वाटतं.

तारवाला, कराड:
बामणोलीकर, हक्काचं तुमचं म्हणणं मान्य. अंतराचीही अडचण नाही. लांब केबलमध्ये एसीचा, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेचा, बराच करंट केबल चार्ज करण्यातच जातो, म्हणून स्वीडननं गॉटलंड बेटाला १९५४ मध्ये डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, नेली. तुमचं पात्र एक-दोन किलोमीटरचं, तिथं साधी एसी पुरे. पण टाकायची तर दोन केबल टाका, एकमेकींपासून लांब. आणि दोन्ही काठांवर, पाणी सगळ्यात खाली जातं तिथपर्यंत पक्का चर खणा. रानातून तार नेण्यापेक्षा झाडं कमी तुटतील, हे मीच कबूल करतो. व्याघ्र प्रकल्प शेजारी असताना ते महत्त्वाचं आहे. तरी एवढ्या घरांसाठी एवढा खर्च करावा, असं माझं मन अजून म्हणत नाही.

बामणोलीकर:
मामाला आत्ताच फोन केला. मे अखेरीस पाणी तळाला गेलं की दोन्ही काठांवर किती उतार उघडा पडतो ते दोरीनं मोजून ठेवणार आहे. आकडा आला की इथंच टाकतो. काका, तेव्हा चराचा हिशोब तुम्हीच करून द्या.