मदत हवी आहे: बाबांचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालंय, घरी व्यायाम कसा करून घ्यावा?

नमस्कार मंडळी. घाटंजीजवळचं गाव, जिल्हा यवतमाळ. बाबा ६९ वर्षांचे, वजन ४१ किलो. टीबीमुळे उजव्या फुफ्फुसाभोवती पू झाला. नळी टाकली तरी फुफ्फुस पुरतं फुललं नाही, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी नागपूरला ऑपरेशन. फुफ्फुसावर जाड साल धरली होती, ती सोलून काढली. डीकॉर्टिकेशन म्हणतात त्याला. टीबीच्या गोळ्या चालू आहेत. सुट्टीच्या कार्डावर शेवटी एक ओळ, ‘श्वासाचे व्यायाम चालू ठेवा’. कोणते, किती, काही नाही. विचारायला यवतमाळला जायचं तर अख्खा दिवस जातो आणि बाबा दमतात ते वेगळं.

सोबत श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन प्लास्टिकच्या गोळ्या असलेलं यंत्र दिलं होतं. बाबा आठ दिवस त्यात चूल फुंकल्यासारखे फुंकत होते. एक गोळी हलेना. “हे खराब हाय, वापस कर.” मीही मेडिकलवाल्याशी भांडायला निघालो होतो. आशाताईंनी पाहिलं आणि हसल्या, “भाऊ, फुकाचं नाही, ओढाचं हाय.” आता पहिली गोळी वर जाते, दुसरी नुसती थरथरते.

खोकला आला की दाबून धरतात, कारण शेजारच्या मावशींनी “टाके तुटतीन” म्हणून घाबरवलंय. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, बंडी आईच घालून देते. अंगणात दोन चकरा मारल्या की ऑक्सिमीटर ९५ वरून ८९ वर येतो, बसले की दोनेक मिनिटांत परत ९४. चालणं बंद करू का?

आणखी एक, सांगायला लाज वाटते. भाव वाढेल म्हणून यंदाचा कापूस घरातच भरलाय आणि बाबांची बाज त्याच खोलीत आहे. राखणीला मीच बरा, म्हणतात.

प्रतिसाद १

मी वर्ध्याला फिजिओथेरपिस्ट आहे. बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा सर्जनना फोन करून एकदा विचाराच. चकरा बंद करू नका, लहान करा. दम लागायला लागला की आकडा घसरायच्या आधीच थांबायचं. पुढे वाकून कोपरं मांडीवर टेकवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि बशीतला चहा फुंकतो तसे ओठ करून हळू सोडायचा. बोटं थंड असली तरी मशीन कमी दाखवतं, आधी हात चोळा. पण बसूनही ९० च्या वर येत नसेल, ताप आला, बेडक्याला घाण वास आला, रक्त पडलं किंवा जखम वाहू लागली, तर सकाळची वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

खोकला दाबू देऊ नका, कफ साचून न्यूमोनिया होतो. जखमेवर उशी घट्ट दाबून खोकायला सांगा. यंत्राचे जागेपणी दर तासाला दहा श्वास, गोळी दोन-तीन सेकंद वर धरून. घाईत केलं तर चक्कर येते. हातासाठी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढायचं आणि पोचले तिथे कोळशाने खूण करायची. म्हातारी माणसं व्यायामाला लाजतात, पण खूण दिसली की इरेला पेटतात! ओझं, फवारणीचा पंप सर्जन हो म्हणेपर्यंत नाही. ४१ किलो फार कमी आहे, अंडी, दूध, फल्लीदाणे वाढवा. टीबीच्या पेशंटला सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, ते खात्यात येतात का बघा.

आणि बाज आजच हलवा. कापसाची धूळ या फुफ्फुसाला नको.

धागाकर्ता

बाज देवघराच्या खोलीत नेली, बाबा चिडलेत. भिंतीवर पहिली खूण माझ्या खांद्याएवढी आली. उशी धरून खोकले तर आठ दिवसांनी घट्ट कफ पडला, पिवळसर, वास नाही. ताप नाही. हे ठीक आहे ना?