एफ-१ २०२६: नवे नियम, नव्या जागा. शर्यत बघताना नेमकं काय कळायला हवं?

चौथाकोपरा

८ मार्चला मेलबर्नची शर्यत आहे आणि या वेळी नियमांचं पुस्तकच नवीन आहे. वाचून एवढं कळलं: एमजीयू-एच (टर्बोला जोडलेली विजेची मोटर) गेलं, विजेची ताकद जवळपास इंजिनाइतकी झाली, डीआरएस (पाठलाग करणाऱ्याला मागचा पंख उघडायची मुभा) गेलं, गाड्या लहान आणि हलक्या झाल्या. अडतंय तीन ठिकाणी.

१. ‘५०-५०’ म्हणजे काय? अख्ख्या लॅपभर निम्मी ताकद विजेची असते का?
२. ओव्हरटेक मोड म्हणजे मागच्या गाडीला जास्तीची हॉर्सपॉवर, बरोबर ना? मग पंख उघडायला कुणाला मिळतात?
३. कोण कुठे गेलं याच्या याद्या सगळीकडे आहेत. त्यातले फरक पाडणारे बदल कोणते? आमच्या गटाच्या अंदाज-स्पर्धेचा तक्ता भरायचाय.

---

टॉर्ककर्व्ह

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आणि तिथेच सगळी गंमत आहे.

५०-५० हे कमाल ताकदीचं प्रमाण आहे. ते लॅपभर टिकत नाही. इंजिन आता साधारण ४०० किलोवॅटचं, एमजीयू-के (चाकांना ताकद देणारी आणि ब्रेक लावताना वीज परत भरणारी मोटर) ३५० किलोवॅटची. गेल्या वर्षापर्यंत हेच आकडे साधारण ५५० आणि १२० होते. इंजिन का उतरलं, तर इंधनाच्या प्रवाहाची मर्यादा आता वजनावर नाही, ऊर्जेवर आहे: तासाला ३००० मेगाज्यूल. भागाकार केला की ८३३ किलोवॅट. त्यातली ४८ टक्के चाकापर्यंत कामाला आली असं धरा, की ४०० येतात. पूर्वी तासाला १०० किलो इंधन म्हणजे साधारण १२०० किलोवॅटची ऊर्जा आत जात होती.

आता बॅटरी. वापरता येण्याजोगा साठा पूर्वीही ४ मेगाज्यूल होता, आताही तेवढाच. म्हणजे टाकी तीच ठेवली आणि नळ तिप्पट मोठा बसवला. १२० किलोवॅटने ४ मेगाज्यूल ३३ सेकंद पुरायचे, ३५०ने ११ सेकंदांत टाकी कोरडी. लॅपमध्ये परत भरायची मर्यादा ८.५ मेगाज्यूल (काही ट्रॅकवर एफआयए, म्हणजे नियम करणारी संस्था, ती आणखी खाली आणू शकते), म्हणजे पूर्ण ताकदीची २४ सेकंदं. मेलबर्नची पात्रता फेरीतली लॅप गेल्या वर्षी ७५ सेकंदांची होती. उरलेल्या वेळात काय, ते तुम्हीच बघा.

आणि हे ८.५ भरणंही सोपं नाही. लॅपमध्ये जोरकस ब्रेकिंग एकूण दहा सेकंद धरलं, तर ३५० किलोवॅटने साडेतीन मेगाज्यूल मिळतात. बाकीचं कुठून? एक, वळणाच्या बरंच आधी पाय उचलून. दोन, वळणात अर्ध्या थ्रॉटलवर असताना इंजिन जास्त चालवून, वरचा भाग एमजीयू-केकडे वळवून. तीन, ज्याला सुपरक्लिपिंग म्हणतात: ड्रायव्हरचा पाय पूर्ण खाली, पण सॉफ्टवेअर इंजिनाचीच ताकद काढून बॅटरीत घालतं. त्यामुळे लांब सरळ पट्ट्याच्या शेवटच्या तुकड्यात पाय खाली असतानाच गाडीचा वेग घटताना दिसेल. ऑनबोर्ड (गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र) बघताना ‘इंजिन गेलं’ म्हणून ओरडू नका.

मेलबर्नला हे जास्त जाणवणार, कारण तिथे मोठ्या ब्रेकिंगच्या जागा कमी आणि वेगवान वळणं जास्त. बॅटरीच्या हिशोबाने तो दुष्काळी ट्रॅक आहे.

---

स्लिपस्ट्रीम_सोलापूर

दुसऱ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. पंख वेगळे, ओव्हरटेक मोड वेगळा.

पंख: पुढचा आणि मागचा दोन्ही हलतात आणि ते सगळ्यांना मिळतात, पुढे गाडी असो वा नसो. ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवर ड्रायव्हर स्ट्रेट मोडमध्ये जातो, पाती आडवी पडतात, हवेचा अडथळा कमी होतो. ब्रेक लावला की परत कॉर्नर मोड. म्हणजे ते मागच्याला दिलेलं शस्त्र नाही, ऊर्जा वाचवायची सोय आहे. ४०० किलोवॅटच्या इंजिनाला जुन्या पंखांनिशी सरळ पट्ट्यावर दम लागला असता. पुढचा पंख का हलवला? फक्त मागचा आडवा केला तर सगळा दाब पुढच्या चाकांवर उरतो आणि वेगात गाडीची मागची बाजू हलकी होते. दोन्ही एकदम हलले की तोल जागेवर राहतो.

ओव्हरटेक मोड: डिटेक्शन लाइनवर (दोन गाड्यांमधलं अंतर मोजायची ट्रॅकवरची रेघ) पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असाल तर मिळतो. पण कमाल ताकद ३५०च राहते, वाढत नाही! फरक आहे तो ती ताकद किती वेगापर्यंत मिळते यात. एरवी ताशी २९० किलोमीटरनंतर एमजीयू-के उतरायला लागते: ३००ला ३०० किलोवॅट, ३२०ला २००, ३४०ला १००, ३४५ला शून्य. ओव्हरटेक मोडमध्ये पूर्ण ३५० ताशी ३३७ किलोमीटरपर्यंत टिकतात आणि ३५५ला शून्य होतात. वर अर्धा मेगाज्यूल जास्तीचा.

उदाहरण घ्या. दोघेही ताशी ३२०वर. पुढच्याकडे विजेचे २००, मागच्याकडे ३५०. दीडशे किलोवॅट म्हणजे जवळपास दोनशे हॉर्सपॉवरचा फरक. पण ताशी २६०वर दोघांकडे सारखंच. त्यामुळे छोट्या पट्ट्यांच्या ट्रॅकवर हा मोड फारसा कामाचा नाही, असं माझं मत. आणि जास्तीचा अर्धा मेगाज्यूल ३५०ने जेमतेम दीड सेकंद पुरतो.

तिसरं एक बटण आहे, बूस्ट. ते कुणालाही, कधीही. बॅटरीत असेल तर काढा. बचाव करतानाही वापरता येतं, फक्त पुढच्या पट्ट्यावर उधारी फेडावी लागते.

---

मागचीरांग

वरच्या दोघांनी सुरुवातीच्या झेपेबद्दल लिहिलं नाही. पहिल्या काही शर्यतींत सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होईल.

एमजीयू-एच टर्बोच्या दांड्याला जोडलेली असायची. एक्झॉस्टचा जोर नसला तरी विजेने टर्बो फिरवत ठेवायची, म्हणून जुन्या गाड्यांत टर्बो लॅग जाणवायचा नाही. आता ती नाही, तर टर्बोला फक्त एक्झॉस्टचा आधार. ग्रिडवर उभं असताना आरपीएम चढवून बरेच सेकंद धरून ठेवावे लागणार, तेव्हा कुठे टर्बो वेग घेणार. वर नियम असा की जागेवरून सुटताना ताशी ५० किलोमीटर होईपर्यंत एमजीयू-के वापरायची नाही, म्हणजे ती फट विजेने भरून काढता येत नाही. टर्बो पुरेसा फिरला नसेल आणि क्लच सोडला, तर गाडी भसकन बसते किंवा अँटी-स्टॉलमध्ये (इंजिन बंद पडू नये म्हणून असलेली आपोआपची सोय) जाते. उलट जास्त चढवला तर चाकं जागच्या जागी फिरतात.

लहान टर्बो लवकर फिरतो पण वरच्या टोकाला कमी देतो, मोठा उलटा. कोणी कोणता आकार निवडला ते पहिल्या शंभर मीटरमध्ये उघड होईल. शेवटच्या रांगेतल्याची आणखी पंचाईत: तो जागेवर येऊन थांबतो न थांबतो तोच दिवे लागायला सुरुवात होते, त्याला टर्बो चढवायला वेळच कमी मिळतो. या वेळी रांगही लांबलीय, २२ गाड्या.

---

पिटलेन_पाहुणा

ड्रायव्हरांच्या बाबतीत हा हिवाळा खरं तर शांत गेला. दहा जुन्या टीमपैकी आठांच्या जोड्या २०२५च्या शेवटी होत्या त्याच आहेत. रेड बुलमध्ये व्हर्स्टॅपनशेजारी इसाक हाजार, त्याच्या रेसिंग बुल्समधल्या जागी लियाम लॉसनसोबत आर्विड लिंडब्लाड, आणि त्सुनोडा राखीव. लिंडब्लाड हा एकमेव पूर्ण नवखा, वय १८, आईकडून भारतीय वंशाचा. अकरावी टीम कॅडिलॅक: सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास. झालं.

मोठी हलवाहलव इंजिनांत आहे. ॲस्टन मार्टिन मर्सिडीज सोडून होंडाकडे गेली. रेनोने इंजिन बनवणं थांबवलं, म्हणून अल्पीन मर्सिडीजकडे. सॉबरची ऑडी झाली, इंजिन स्वतःचं. रेड बुलच्या दोन्ही टीम होंडा सोडून घरच्या इंजिनावर, ज्यावर फोर्डचं नाव आहे. कॅडिलॅकला सध्या फेरारीचं. म्हणजे मर्सिडीजचं इंजिन चार टीमकडे (मर्सिडीज, मॅक्लारेन, विल्यम्स, अल्पीन), फेरारीचं तीन (फेरारी, हास, कॅडिलॅक), रेड बुल फोर्डचं दोन, होंडा आणि ऑडी एकेक. तक्ता भरताना ड्रायव्हरच्या नावाआधी हा रकाना भरा.

चार टीमकडे एकच इंजिन असणं ही पहिल्या वर्षी चैन आहे. रोज चौपट किलोमीटरची माहिती जमा होते, सॉफ्टवेअरच्या चुका लवकर सापडतात. होंडा आणि ऑडीला प्रत्येकी दोनच गाड्या. फटका बसणार तो इथे, असा माझा अंदाज.

हाजारबद्दल थोडं. रेड बुलची दुसरी जागा गेल्या वर्षी लॉसनने दोन शर्यतींत गमावली, मग उरलेलं वर्ष त्सुनोडाही झगडला. हाजारचं नशीब एवढंच की तो अगदी कोऱ्या गाडीत बसतोय. मागची गाडी वर्षानुवर्षं व्हर्स्टॅपनच्या हाताप्रमाणे, पुढून तीक्ष्ण अशी घडत गेली होती. नव्याला अजून तसं वळण लागलेलं नाही. गेल्या मार्चमध्ये हा पोरगा मेलबर्नला फॉर्मेशन लॅपमध्येच (शर्यतीआधीची संथ फेरी) भिंतीत गेला होता आणि ऑगस्टमध्ये झांडव्होर्टला तिसरा आला. दोन्ही लक्षात ठेवा.

कॅडिलॅकच्या जोडीला म्हातारी म्हणून हसू नका. नव्या टीमला वेगापेक्षा ‘गाडी इथे असं करते’ हे नेमकं सांगणारे लोक लागतात. बोटासचे १० विजय आहेत, पेरेझचे ६.

गाड्यांवरचे आकडे बदललेत, टीव्हीवर गोंधळू नका: २०२५चा विजेता म्हणून नॉरिस १ नंबर लावणार, व्हर्स्टॅपन ३. पात्रता फेरीत आता पहिल्या टप्प्यात सहा बाहेर, दुसऱ्यात सहा, शेवटी दहा.

---

चौथाकोपरा

सगळ्यांचे आभार. ओव्हरटेक मोडचं मी पार उलटं समजलो होतो. दोन शंका. वजन कमी केलं म्हणतात, पण बॅटरी-मोटर तर जड झाली असणार? आणि कॉम्प्रेशन रेशोवरून जी भानगड चाललीय ती काय?

---

टॉर्ककर्व्ह

वजन: किमान ८०० वरून ७६८ किलो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३६०० वरून ३४०० मिलिमीटर, रुंदी २००० वरून १९००. टायर १८ इंचीच, पण पुढचे २५ आणि मागचे ३० मिलिमीटरने अरुंद. विजेचा भाग जड झालाय हे बरोबर, म्हणूनच ७६८ गाठणं अवघड आहे. दहा किलो जास्त म्हणजे लॅपला साधारण तीन दशांश सेकंद. कुणाच्या गाडीवर रंग कमी आणि काळं कार्बन उघडं जास्त दिसलं तर समजा, ग्रॅम मोजणं चालू आहे.

कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते): मर्यादा १८ वरून १६ केली. नव्या उत्पादकांना प्रवेश सोपा व्हावा हा हेतू. पण मोजणी वातावरणाच्या तापमानाला, म्हणजे थंड इंजिनावर, असं नियमात लिहिलंय. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड थोडे वर सरकतील अशी सामग्री निवडली, तर थंडीत १६ आणि ट्रॅकवर त्याहून जास्त. असं कुणीतरी केलंय, असा बाकीच्यांचा आक्षेप. इंधनाची ऊर्जा सगळ्यांना सारखी बांधलेली असताना जास्त कॉम्प्रेशन म्हणजे त्याच इंधनातून जास्त ताकद, म्हणून एवढी आरडाओरड. नियमाच्या अक्षराला धरून आहे, हेतूला नाही. एफ-१मध्ये यावर कोर्टबाजीला बहर येतो.

मागे पडणाऱ्यांना एक पायवाट ठेवलीय: ठरावीक शर्यतींनंतर एफआयए इंजिनांची ताकद ताडून बघणार आणि जे दोन टक्क्यांहून जास्त मागे असतील त्यांना जादा सुधारणा करायची मुभा. त्यामुळे मार्चमधला क्रम वर्षभर तसाच राहील असं धरून चालू नका.

---

स्लिपस्ट्रीम_सोलापूर

टॉर्ककर्व्हच्या इंधनाच्या मुद्द्याला पुरवणी. इंधन आता १०० टक्के शाश्वत, E10 (१० टक्के इथेनॉलचं) गेलं. प्रवाह ऊर्जेत मोजल्यामुळे जास्त उष्मांकाचं इंधन घालून ताकद वाढत नाही. फायदा एवढाच की तेवढ्याच ऊर्जेला कमी किलो लागतात, म्हणजे सुरुवातीला गाडी हलकी.

चाचण्यांबद्दल: जानेवारीअखेर बार्सिलोना बंद दाराआड, मग फेब्रुवारीत बहारीनला तीन-तीन दिवस दोनदा. तिथे लॅपच्या वेळा बघू नका. एकूण लॅप मोजा, आणि सलग पंधरा-वीस लॅप न थांबता कोण चालवतं ते बघा. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग किती घसरतो हे दिसलं तर उत्तमच, ज्याची घसरण कमी त्याचं सॉफ्टवेअर पुढे.

---

चौथाकोपरा

तक्त्यात इंजिनाचा रकाना टाकला. भारतीय वेळा कोणी सांगेल का?

---

मागचीरांग

मेलबर्न: पात्रता शनिवारी ७ मार्चला सकाळी १०.३०, शर्यत रविवारी ९.३०. शांघाय १५ मार्चला दुपारी १२.३०, तिथे स्प्रिंटही (शनिवारची छोटी शर्यत) आहे, म्हणजे सराव सत्र एकच. सुझुका २९ मार्चला सकाळी १०.३०. अंदाज आधी भरून ठेवा, मेलबर्नच्या पहिल्या वळणानंतर कोणालाच बदलू देऊ नका.